नानांना आमची द्राक्षबाग विमानातून दाखवायची आहे, एप्रिलमध्ये जमेल का?

पिंपळगावचा_पोरगा:
गेल्या महिन्यात पीपीएल, म्हणजे खासगी विमान चालवायचं लायसन्स, हातात पडलं. किमान ४० तास लागतात, मला ६२ लागले, असो. शिकलो धुळ्याला. आता बेत असा, की क्लबचं सेसना १७२ हे चार सीटचं छोटं विमान भाड्यानं घ्यायचं, नानांना शेजारी बसवायचं, पिंपळगाव बसवंतपर्यंत यायचं, बाग वरून दाखवायची आणि न उतरता परत फिरायचं. ताई आणि दाजीही मागं लागलेत. शनिवारी दुपारचा स्लॉट मिळतोय, पण इन्स्ट्रक्टर नुसतं म्हणतात, "सकाळचं बघ." एवढा काय फरक पडतो?

सिडकोतला_सेसनावाला:
पडतो भाऊ. एप्रिलचाच शेवट होता, साडेअकरा वाजलेले, तेही धुळ्याहूनच. टाकी फुल, आम्ही चौघं. थ्रॉटल पूर्ण पुढं, विमान धावतंय, धावतंय, उठायचं नाव नाही. उठलं तर चढायचा काटा ३०० च्या पुढं सरकेना. हिवाळ्यात हेच विमान मिनिटाला ७०० फूट चढतं. समोरच्या बाभळी मोठ्या होत होत्या आणि मी मनातल्या मनात सगळे देव आठवत होतो. मागच्या मित्रानं निघताना मिसळ हाणलेली, ती मालेगावच्या अलीकडंच पिशवीत आली.

आता हिशेब. धुळं समुद्रसपाटीपासून आठ-नऊशे फूट. तिथं पुस्तकी तापमान, म्हणजे त्या उंचीला प्रमाण धरलेलं, १३-१४ अंश. पारा ४० वर गेला की २६ अंश जास्त. गरम हवा विरळ होते, म्हणून दर अंशाला उंचीत साधारण १२० फूट वाढव. म्हणजे इंजिनाला आणि पंखांना वाटतं, आपण ४,००० फुटांवरून निघालोय. पहाटे २४ अंशांत तेच दोन हजारांच्या आसपास. आणि घारी गिरक्या घेत वर चढायला लागल्या की समज, वर उठणाऱ्या गरम हवेचे धक्के सुरू. त्याआधी चाकं जमिनीला लागलेली बरी.

ताई-दाजींना पुढच्या वेळी ने. सीट चार आहेत म्हणून चार माणसं आणि फुल टाकी झेपतेच असं नाही. वजनाचा कागद भरून बघ, मग बोलू.

ओझर_टाउनशिप:
वजनाचं ठीक, पण येणार कुठं आहात ते बघा! पिंपळगाव म्हणजे ओझरचं, तिथल्या लढाऊ विमानांच्या कारखान्याचं आणि विमानतळाचं, दारच. सुखोई टेस्टला निघालं की आमच्या घरातली भांडी वाजतात. गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं, देवळालीला तोफांचा सराव. फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची मंजुरी), एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा) सगळं हातात घेऊनच निघा, आणि टॉवर नाही म्हणाला तर चांदवडवरूनच मागं फिरा. आणि दाजींना येऊ दिलंच, तर मोबाइल खिशात ठेवायला सांगा. वरून फोटो काढायला वेगळी परवानगी लागते.

पिंपळगावचा_पोरगा:
दाजी कटाप. रविवार सकाळ, साडेसहा. पण बाग ओळखायची कशी? खरड छाटणी झालीय, सगळीकडं नुसत्या तारा आणि खोडं.

सिडकोतला_सेसनावाला:
तारा शोधू नकोस, शेततळी शोध. प्लॅस्टिक अंथरलेली ती चौकोनी तळी सकाळच्या तिरक्या उन्हात आरशासारखी चमकतात, पार चांदवडपासून. आग्रा रोड धरून ये, पाऊण तासाचं काम. चांदवडजवळ उजवीकडं धोडप दिसेल, डोंगराच्या भिंतीला मधोमध खाच असलेला. साधारण पावणेपाच हजार फुटांचा आहे, तेव्हा लांबूनच रामराम.

बागेवर आलास की उजवीकडं वळ. तू डावीकडं बसणार, नाना उजवीकडं. सेसनाचा पंख डोक्यावर असतो, उजवं वळण घेतलं की तो तिरका होतो आणि जमीन थेट नानांच्या खिडकीत येते. फक्त हळू. माझ्या वडिलांसाठी मी हौसेनं ४५ अंश तिरकं केलं, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. वीस अंश पुष्कळ झाले.

पिंपळगावचा_पोरगा:
नानांना सगळं वाचून दाखवलं. खाच, आरसे, वळण, कशाचंच कौतुक नाही. एकच विचारलं, "शेजाऱ्यानं बांध किती कोरलाय ते वरून दिसंल का?"