एग्मोंट आणि हॉर्न बंडात नव्हते, मग राजद्रोही कसे?

वेंगुर्लेकर:
नमस्कार मंडळी. आमच्या वेंगुर्ल्यातल्या डच वखारीवर शाळेतल्या पोरांसाठी चार पानं लिहितोय, डच इथं आलेच कसे ते शोधत मागे मागे गेलो आणि १५६८ ला येऊन अडकलो. डचांच्या नेदरलँड्सवर तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं राज्य. त्याचा सेनापती आल्बाचा ड्यूक, त्याने ब्रसेल्सच्या भर चौकात एग्मोंट आणि हॉर्न या दोन मोठ्या सरदारांची मुंडकी उडवली, राजद्रोह म्हणून. पण एग्मोंटने तर फिलिपसाठीच १५५७-५८ मध्ये फ्रेंचांना दोनदा धूळ चारलेली, शिवाय पक्का कॅथलिक. आणि फिलिपविरुद्धच्या बंडाचा खरा म्होरक्या, ऑरेंजचा विल्यम, तो कसा सुटला? कोणी नीट सांगेल का

खाडीपलीकडचा:
विल्यम सुटला कारण त्याने वारं ओळखलं, एप्रिल १५६७ मध्येच जर्मनीला गेला. एग्मोंटने उलट राजाशी इमान राखायची नव्याने शपथ घेतली आणि घरीच राहिला, आपण काय वाईट केलंय या भरवशावर. आल्बा ऑगस्टमध्ये फौज घेऊन आला आणि ९ सप्टेंबरला या दोघांना अँटवर्पच्या नव्या किल्ल्याचे नकाशे बघायला म्हणून बोलावून तिथंच धरलं, हे वाचून आजही चीड येते. आरोप काय, तर १५६६ मध्ये छोट्या सरदारांनी धर्माचे कायदे सैल करा असा अर्ज दिला त्याला आडून साथ दिली, लोकांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या तेव्हा कडक वागले नाहीत, शांतता राहावी म्हणून प्रोटेस्टंटांना प्रवचनं करू दिली. राजाचं ऐकलं पण पुरेसं ऐकलं नाही, एवढाच राजद्रोह!! दोघंही गोल्डन फ्लीस या बड्या सरदारांच्या मानाच्या मंडळाचे मानकरी, त्यांचा निवाडा त्याच मंडळींनी करायचा असा नियम, तोही धाब्यावर बसवला आणि आल्बाने स्वतःच काढलेल्या कोर्टात, ज्याला लोक रक्तसभा म्हणायचे, निकाल लावून टाकला.

रत्नांग्री:
वर लिहिलंय ते बरोबरच, पण तारखा बघा म्हणजे घाई कसली होती ते कळेल. २३ मे १५६८ ला विल्यमच्या भावाने उत्तरेत हायलिगरलेला स्पॅनिश फौज हरवली. आल्बाला स्वतः तिकडे जायचं होतं आणि पाठीमागे ब्रसेल्समध्ये काही पेटायला नको होतं. म्हणून १ जूनला १८ सरदार मारले आणि ५ जूनला हे दोघं. आदल्या रात्री ईप्रच्या बिशपला बोलावून एग्मोंटला मृत्युदंडाचा निरोप सांगायला लावला, त्या बिशपने दयेसाठी गयावया केली पण आल्बा हलला नाही. मग एग्मोंटने रात्री फिलिपलाच पत्र लिहिलं, बायको आणि पोरांना सांभाळा म्हणून. ज्याने मारायला काढलं त्यालाच!! सकाळी चौकात काळं कापड घातलेला मंच, भोवती स्पॅनिश सैनिकांचा वेढा, डोकी खांबांवर लावलेली, आणि तरी लोक पुढे घुसून रुमाल रक्तात भिजवून नेत होते. पोरांना हे सांगताना हात थोडा आखडता घ्या, पण पत्राचं नक्की सांगा.

सासष्टीकर:
एक गोष्ट कोणी जोडत नाही म्हणून लिहितो. हाच फिलिप १५८१ पासून पोर्तुगालचाही राजा, म्हणजे गोवा त्याच्याच मुकुटाखाली. १५८३ मध्ये देवळं पाडल्यावरून कुंकळ्ळीत उठाव झाला, पाच जेझुइट ख्रिस्ती धर्मप्रचारक मारले गेले, नंतर गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशीबिवकशी न करता ठार केलं, एकजण तेवढा नदीत उडी टाकून कारवारकडे निसटला. पद्धत तीच, बोलवायचं आणि मारायचं. आम्हाला शाळेत हे धड कोणी शिकवलं नाही.

रत्नांग्री:
@सासष्टीकर दादा, बोलावून मारलं इथपर्यंत पटतं. पण एग्मोंट शेवटपर्यंत राजाचा माणूस, त्याला सरदारांचे हक्क हवे होते, राज्य उलथवायचं नव्हतं. गावकार आपल्या देवासाठी आणि जमिनीसाठी उठले होते. दोघांना एका ओळीत बसवलं तर गावकारांवर अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

सासष्टीकर:
@रत्नांग्री मान्य, गावकार वेगळेच. मी मारणाऱ्याबद्दल बोलत होतो.

वेंगुर्लेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मला आता क्रम लागला. १५६८ नंतर तह करू म्हणणारे मोठे लोकच उरले नाहीत, जे उरले ते लढणारे, ती लढाई पुढे समुद्रावर गेली, आणि १६३० च्या दशकात डच गलबतं गोव्याची नाकेबंदी करायला लागली तेव्हा त्यांना तांदूळ-पाणी आमच्या वेंगुर्ल्यातून जायचं, त्यासाठी ही वखार. कुंकळ्ळीला वेगळं पान देतो. वखारीचे जुने फोटो कोणाच्या घरी असतील तर इथंच टाका, मला छप्पर शाबूत असतानाचा एक हवाय.