मदत हवी आहे: बाबांच्या टावीसाठी सीटी करावी की टीईई?

गिरगावकर_७
बाबांना टावी सांगितली आहे, म्हणजे छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून हृदयाचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा. एक डॉक्टर म्हणतात सीटी अँजिओ केल्याशिवाय व्हॉल्व्हचा साइज ठरत नाही. दुसरे म्हणतात सीटी नको, घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी करतात ती टीईई पुरे. एकोमध्ये, म्हणजे छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत, माप आलेलंच आहे, २० मिमी, मग हे सगळं कशाला? सोमवारच्या आत कळवायचंय. कोणी केलंय का? कृपया लवकर सांगा.

मुलुंडची_माई
वय किती? डायबेटिस? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? हे न सांगता कोण काय सांगणार?

गिरगावकर_७
वय ७८. शुगर आहे. त्याचा व्हॉल्व्हच्या मापाशी काय संबंध? मला फक्त दोन्हींतलं बरोबर कुठलं ते हवंय.

सानपाडा_एक्सप्रेस
माझ्या आईचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हा धातूचा बसवला. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन कायमचं, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. पालेभाज्यांनी त्या औषधाचा परिणाम बदलतो, म्हणून पालक, मेथी रोज सारख्याच प्रमाणात खायची, एक दिवस डोंगर आणि एक दिवस काहीच नाही असं चालत नाही. हे आधीच विचारून घ्या.

मुलुंडची_माई
अहो, टावीचा व्हॉल्व्ह प्राण्याच्या पेशींपासून बनवलेला असतो, धातूची नुसती जाळी. त्याला सहसा वॉरफरिन लागत नाही. मूळ प्रश्नावर येऊ या.

फिल्मवाचक
मी रेडिओलॉजीत आहे. शुगरचा संबंध असा, की तिने किडनी कमजोर होऊ शकते, आणि सीटीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे धमन्या उठून दिसायला शिरेतून औषध, देतात ते किडनीवाटेच बाहेर पडतं. म्हणून क्रिएटिनिन विचारलं.

आता २० मिमीबद्दल. ॲन्युलस, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ते कडं, गोल नसतं, लंबगोल असतं. साध्या एकोत एकच छेद दिसतो, बहुतेक वेळा अरुंद बाजूचा. समजा खरं कडं २७ बाय २० आहे. क्षेत्रफळ साधारण ४२४ चौ. मिमी होतं. २० चा गोल धरला तर ३१४. एवढ्या फरकात व्हॉल्व्हचा नंबर बदलतो. छोटा बसवला तर कडेने रक्त गळतं, फार मोठा बसवला तर कडं फाटण्याची भीती. शस्त्रक्रियेत सर्जन छाती उघडून सायझर लावून बघतो. टावीत तसं काहीच हातात नसतं, जे बघायचं ते आधीच.

एको_दादा
म्हणूनच थ्रीडी टीईई. त्यात तोच लंबगोल पूर्ण दिसतो, कॉन्ट्रास्ट नाही, किरणं नाहीत. सीटीची माझ्या मते सवय झाली आहे सगळ्यांना.

फिल्मवाचक
थ्रीडी टीईई चांगलीच आहे, नाकारत नाही. पण कॅल्शियम जास्त असेल तर त्याच्या सावलीत कडा हरवतात, आणि सरासरीत माप सीटीपेक्षा थोडं कमी येतं. मुख्य म्हणजे जांघेतून वर जाणारी वाट टीईईला दिसतच नाही. पायाच्या धमन्या किती रुंद आहेत, किती वळणाच्या आहेत, हृदयाच्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंच आहेत, हे एकाच सीटीत मिळतं. ईसीजीच्या ठेक्यावर, म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी जुळवून, घेतलेली सीटी हवी, साधी छातीची नव्हे.

एको_दादा
आणि किडनी गेली तर?

बोरिवली_लोकल
एमआरआय का नाही? माझ्या सासऱ्यांचं तेच केलं.

फिल्मवाचक
कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआयवर माप चांगलं निघतं. मात्र कॅल्शियम नीट दिसत नाही, आणि मधूनमधून श्वास धरत बराच वेळ पडून राहावं लागतं. धाप लागणाऱ्या माणसाला जड जातं. गिरगावकर, क्रिएटिनिन?

गिरगावकर_७
१.९. आता फाइल उघडून बघितली. जिना चढताना थांबावं लागतं, रात्री दोन उशा लागतात. बाबांना यातलं काही सहन होईल ना, एवढीच काळजी आहे.

फिल्मवाचक
या वयाला १.९ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३५ च्या आसपास. जपून, पण दार बंद नाही. ३० च्या खाली भीती जास्त मानतात. नव्या मशीनवर ५० मिली किंवा त्याहूनही कमी कॉन्ट्रास्टमध्ये काम होतं. विचारा: कमी डोसची सीटी कराल का? आधी सलाईन लावायचं का? अशा हृदयाला पाणी जास्त झालं तर धाप वाढते, म्हणून ते मोजूनच. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर कधी थांबवायचं? नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, दाखवून घ्या.

एको_दादा
कमी डोस मिळत असेल तर माझीही हरकत नाही. पण क्रिएटिनिन वर जाताना दिसलं तर टीईईवर या, हट्ट नको.

गिरगावकर_७
डॉक्टरांशी बोललो. सीटीच करणार, कमी कॉन्ट्रास्टमध्ये. आदल्या रात्री ॲडमिट, नेफ्रॉलॉजिस्ट बघतील, ४८ तासांनी पुन्हा क्रिएटिनिन. टीईई प्रोसिजरच्या वेळी लागलीच तर. फिल्मवाचक, माई, मनापासून आभार.

फिल्मवाचक
एक राहिलं. नुसता रिपोर्ट आणि फिल्म घेऊन निघू नका, सीडीवर पूर्ण डिकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमा, मागा. व्हॉल्व्ह बसवणारी टीम त्यावरून स्वतः पुन्हा मोजते, आणि माप दोन साइजच्या सीमेवर आलं तर तीच सीडी दुसऱ्याला दाखवता येते. नाहीतर परत कॉन्ट्रास्ट.