प्रति: सगळे बीटा ब्लॉकर सारखेच?
वर कुणीतरी म्हटलंय की सगळे बीटा ब्लॉकर (हृदयाची धडधड, रक्तदाब कमी करणारी औषधं) एकच, नावं तेवढी वेगळी. तसं नाहीये हो. त्यातलं प्रोप्रानोलोल हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरसोबत (रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, ॲड्रेनलिन हे संप्रेरक त्याची किल्ली) श्वासनलिकांमधले बीटा-२ रिसेप्टरपण अडवतं, नळ्या आवळू शकतात, म्हणून दमा असलेल्यांना देत नाहीत, अटेनोलोल मुख्यतः बीटा-१ वर, शिवाय पाण्यात विरघळणारं त्यामुळे मेंदूत फारसं शिरत नाही. प्रोप्रानोलोल चरबीत विरघळतं, सरळ मेंदूत, मग काहींना रात्री भलतीसलती स्वप्नं (मला पडायची, पहाटे घामाघूम!). प्रोप्रानोलोल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅकना १९८८ चं नोबेल मिळालं त्यात हे कामही होतं. या औषधांच्या रेणूची शेपटी ॲड्रेनलिनसारखी, म्हणजे किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम सोडू नका, गोळी चालू असताना रिसेप्टर वाढलेले असतात, धडधड दुप्पट जोरात परत येते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.