दोस्त राष्ट्रांच्या मानवंदनेला मराठवाड्यात जागा असावी का?

चर्चाप्रस्ताव (जालना)

दिल्ली छावणीतील युद्धस्मशानभूमीत दर नोव्हेंबरमध्ये ब्रिटनसह अनेक देशांचे लष्करी अधिकारी एकत्र येतात आणि महायुद्धांत कामी आलेल्यांना पुष्पचक्रे वाहतात. बेल्जियममधील ईप्र येथे मेनिन गेटच्या कमानीखाली १९२८ पासून, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा काळ सोडता, रोज रात्री आठला रस्ता थांबवून बिगूल वाजवला जातो, आणि तेथील भिंतींवर भारतीय शिपायांचीही नावे कोरलेली आहेत. आपला मुलूख त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. २३ सप्टेंबर १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात, आजच्या इस्रायलमधील हैफा जिंकणाऱ्या ब्रिगेडमध्ये जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबादचे घोडदळ होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील एक पुतळा त्याच घोडदळाचे प्रतीक आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, संयुक्त मानवंदना व्हावी आणि तिच्यासाठी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकी प्रतिनिधींना सन्मानाने बोलवावे, असे मी सुचवतो.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

मला हा प्रस्ताव मान्य नाही. हैफ्यावरचा प्रत्यक्ष हल्ला जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईतांनी केला, ही बाब बाजूला ठेवली तरी मूळ प्रश्न उरतोच: ते सैन्य कोणाच्या राज्यासाठी लढत होते? निजामाने इंग्रजांना माणसे, घोडी आणि पैसा पुरवला, त्याबद्दल आपल्या रयतेला कोणी विचारले नव्हते. त्याच निजामी राजवटीतून सुटण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याने किती सोसले, रझाकारांनी गावोगाव काय केले, हे अजून घरोघरी सांगितले जाते. मुक्तिसंग्रामातल्या आपल्या हुतात्म्यांची नावे शाळेतल्या मुलांना धड माहीत नसताना आपण परदेशी पाहुण्यांसाठी मंडप घालणार का?

आपण स्वतः जालन्याचे आहात, म्हणून आणखी एक विचारतो. २३ सप्टेंबर हीच तारीख असईच्या लढाईचीही आहे. १८०३ मध्ये भोकरदनजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेसमोर शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून न पळता तोफांपाशीच मारले गेले. इंग्रजांच्या पलटणींनी ‘असई’ हे नाव युद्धसन्मान म्हणून आपल्या निशाणांवर मिरवले. त्या गोलंदाजांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

प्रतिसाद (परभणी, निवृत्त सुभेदार)

आपला राग मला समजतो, पण तो सरकारांवर असायला हवा, मेलेल्या शिपायावर नको. मी सेवेत असताना ‘शोकशस्त्र’चा हुकूम असंख्य वेळा ऐकला आहे. रायफल उलटी होते, नळीचे टोक बुटावर टेकते, दोन्ही हात दस्त्यावर येतात आणि मान खाली जाते. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या परदेशी अधिकाऱ्याचीही मान खालीच असते. कोणत्या युद्धावर जायचे हे शिपाई ठरवत नाही. १९७१ मध्ये आपण बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या खांद्याला खांदा लावून लढलो आणि आजही १६ डिसेंबरच्या सुमारास त्यांचे वृद्ध योद्धे कोलकात्याला येऊन आपल्या जवानांना वंदन करतात. दोन्ही देशांचे संबंध कधी गोड असतात, कधी कडू. तरी त्या माणसांना येऊ नका म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

सुभेदारसाहेब, १९७१ चे उदाहरण येथे लागू पडत नाही. ते युद्ध आपल्या निर्वाचित सरकारने आपल्या निर्णयाने लढले होते. मुक्तिवाहिनीचे योद्धे आपल्याला बरोबरीचे मानून येतात. मालकाचा वारस नोकराच्या समाधीवर फूल वाहतो तेव्हा त्यात बरोबरी नसते, आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेमके तेच झाले.

प्रतिसाद (धाराशिव, इतिहासशिक्षिका)

मेसोपोटेमियाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता मांडायला हवा, कारण माझ्या मते या वादाचे मर्म तेथेच आहे. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज तुर्कांना शरण गेली. त्यानंतरच्या कैदेत पुष्कळ शिपाई उपासमारीने आणि आजाराने मेले. त्या मोहिमेसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला जे स्मारक उभे राहिले, त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण सामान्य भारतीय शिपायांची केवळ संख्या लिहिली गेली. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मेले. महायुद्धांतील मृतांच्या समाध्या आणि स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने हेही मान्य केले की भारतीय आणि आफ्रिकी मिळून किमान ४५,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही.

म्हणून पाहुणे यावेत असेच मला वाटते, परंतु माझी एक अट आहे. पुष्पचक्रापूर्वी नावे वाचली जावीत, आणि ती पाहुण्यांच्या प्रतिनिधीने वाचावीत. सातारा आणि कोकणातील कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले’ असा संगमरवरी फलक असतो. आपल्याकडे तशी खूण शोधूनही सापडत नाही, त्यामुळे आधीचे काम आपल्यालाच करावे लागेल. आयोगाची मृतांची यादी सर्वांना पाहता येते, तिच्यात पुष्कळ ठिकाणी वडिलांचे आणि गावाचे नाव दिलेले असते. इतिहास विभागांनी ती जिल्हावार लावावी. फुलांवर आणि मंडपावर होणारा खर्च त्या कामाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चर्चाप्रस्तावक (जालना)

बाई, तुमची अट मी प्रस्तावात जशीच्या तशी घालतो. असईचा मुद्दाही सोडत नाही. मानवंदनेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना तेथे न्यावे आणि शिंद्यांच्या गोलंदाजांना पहिली सलामी त्यांनी द्यावी.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

असईची सलामी झाली तर मी स्वतः भोकरदनला येईन. छावणीतल्या कार्यक्रमाला मात्र माझा विरोध कायम आहे, आणि मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची जिल्हावार यादी त्याच्या आधी पूर्ण व्हावी, ही माझी मागणीही प्रस्तावात नोंदवून घ्यावी.