निकॉन आणि फुजी, दोन्हीकडे त्याच लेन्स: ठेवू की विकू?

मंडळी, जरा सल्ला हवाय.

माझ्याकडे निकॉन डी७५० कॅमेरा आहे (फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा), नंतर फुजी एक्स-टी३० घेतला. निकॉनवर ५० एमएम आणि ८५ एमएम, दोन्ही एफ/१.८जी (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि मागचं जास्त धूसर). फुजीवर ३५ एमएम एफ/२ आणि ५६ एमएम एफ/१.२. फुजीचा सेन्सर लहान, त्याचा क्रॉप १.५ (लेन्सचा आकडा दीडपट धरायचा), म्हणजे ३५ची झाली साधारण ५२ आणि ५६ची ८४. एकच जोडी दोनदा पोसतोय.

फुजी घेतला तो वजनासाठी. बॉडीत ते वाचलंही, ८४० ग्रॅमच्या जागी ३८३. पण ५६ भरते ४०५ ग्रॅम आणि निकॉनची ८५ फक्त ३५०! बरं, मागचं धूसर करण्यात क्रॉपवरची १.२ आणि फुलफ्रेमवरची १.८ सारख्याच पडतात. (एक्सपोजरला, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याला, १.२ ही १.२च असते, त्यावरून इथे भांडण नको.) बायकोला दोन्हींचे फोटो दाखवले, तिला फरक सांगता आला नाही. मलाही फाइलचं नाव बघावं लागलं.

३५ आणि ५०चं तसं नाही. धूसरपणात ५० सरस, पण ३५ पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. जेवणाच्या ताटाचा फोटो काढायला खुर्ची मागे सरकवावी लागत नाही.

वापर म्हणाल तर नातेवाइकांच्या मुंजी-साखरपुडे (अर्थातच फुकट) आणि भटकंती. राहायला चिपळूणला, त्यामुळे पावसाळ्यात पडून राहिलेली लेन्स म्हणजे फंगसला (काचेवरच्या बुरशीला) आवतण. हवाबंद डबा आणि सिलिका जेल आहे, पण चार लेन्सची उस्तवार कोण करणार?

साधा अ‍ॅडॅप्टर लावून ८५ फुजीवर वापरता येईल, पण ती होणार १२७, वर फोकस हाताने. मुंजीत बटू एका जागी बसतो थोडाच! फुजीच्या लेन्स निकॉनवर बसायचा तर प्रश्नच नाही.

कोणती काढू?

प्रतिसाद:
दादा, कार्यक्रमाला दोन्ही कॅमेरे गळ्यात असतात का? असतील तर निकॉनवर ८५ आणि फुजीवर ३५ ठेवा, मध्ये लेन्स बदलायची कटकट नाही. मग ५० आणि ५६ घरीच राहतात. त्यातली ५६ काढा, पैसे तिच्यातच अडकलेत. ५० विकून हाती फारसं लागणार नाही, ती असू द्या. ८५ बिघडली तर ५० लावून दोन पावलं पुढे जाता येतं. भटकंतीत ५६ची आठवण येईल असं वाटत असेल, तर आधी एक पावसाळा ती डब्यातच ठेवून बघा.

आणि हो, गिऱ्हाईक शोधण्याआधी अंधारात लेन्समधून टॉर्च मारा. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते फंगस, मग भाव निम्म्यावर येतो, आणि ते लपवून विकू नका.