घरातलं गाणं, परभणी
एकांनी लिहिलंय की मराठवाड्यात क्लासिकल गाणं घरात नव्हतंच, शिकायचं तर पुणं गाठायचं. अर्धं पटतं, क्लास नव्हते आमच्याकडं, पण परभणीच्या घरात गाणं भजनातनं आलं. आजोबा पखवाज वाजवायचे आणि आजी पोळ्यांची कणीक मळतानाच एक गोळा बाजूला काढून ठेवायची, तो ओला करून पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला की असा खोल आवाज घुमायचा की बस्स, वाजवून झालं की खरवडून काढायचा, ते काम आम्हा पोरांचं, त्यावरनं भांडणं व्हायची.

काका तानपुरा सुरात लावायचे. मालकंस राग गायचा असला की पंचमाची, म्हणजे ‘प’ची, तार मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, उतरवायची, कारण त्या रागात पंचम नाहीच, हे मला त्यांच्याजवळ बसूनच कळलं.