मदत हवी आहे: भाचा त्या दिवशी नागपुरात धावत होता, शिक्षा गावातल्या मारहाणीची

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. भाचा २२ वर्षांचा. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर तयार झालेला पोरगा, दहा किलोमीटर ३४ मिनिटांत मारतो.

डिसेंबर २०२२ मध्ये शेताच्या धुऱ्यावरून दोन घरांत भांडण झालं, बैलबंडीच्या उभारीनं (दांड्यानं) एकाचं डोकं फुटलं. फिर्यादीत आमच्या घरच्या सगळ्या पुरुषांची नावं टाकली, त्यात याचंही. वेळ सकाळी आठची. हा आदल्या रात्रीच एसटीनं नागपूरला गेला होता, शर्यतीत सातवा आला.

आमच्या वकिलांनी यातलं काहीच कोर्टापुढे ठेवलं नाही. गेल्या आठवड्यात निकाल लागला: भादंवि ३२४ (हत्यारानं दुखापत) सह ३४ (सगळ्यांचा मिळून इरादा), एक वर्ष. अपिलासाठी जामिनावर सोडलंय, ३० दिवसांतले नऊ गेले.

वकील म्हणतात, अपिलात चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागू, वय बघून सोडतील, नोकरीलाही आड येणार नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात तशी सोय आहे, मीही वाचलं. पण 'दोषी' हा शब्द तसाच राहतो. पोरगा म्हणाला, "मामा, मी तं तेथ नव्हतोच, मंग चांगलं वागाचा बाँड कायले लिहून देऊ?" त्याचं बरोबर आहे. मी त्याला समजवायला गेलो, याचंच आता वाईट वाटतं.

जवळ काय आहे: छातीवरचा नंबर, बहिणीनं देव्हाऱ्याशेजारी लावलेला, चारही कोपऱ्यांना पिनांची भोकं. मोबाइलवर आलेला वेळेचा मेसेज. शेवटच्या रेषेवरचा फोटो. एसटीचं तिकीट तिनं पोथीत जपलं होतं, पण शाई उडून गेली, आता नुसता पांढरा कागद.

अपिलात जास्तीचा पुरावा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ नुसार (नव्या कायद्यात ४३२) देता येतो म्हणतात. खालच्या कोर्टात का दिला नाही असं विचारलं, तर वकिलाची चूक हे कारण टिकतं का? आयोजकांकडून निकालाचा तक्ता सही-शिक्क्यानिशी आणला तर भागेल, की त्यांना साक्षीलाच आणावं लागेल? मेसेज-फोटोसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं ६५-ब प्रमाणपत्र (नव्या कायद्यात कलम ६३) कोणी द्यायचं?

दुसरं, शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी उभीच राहते. तिची स्थगिती वेगळी मागावी लागते आणि क्वचितच मिळते, असं कळलं. त्याची सगळी तयारी पोलीस भरतीची, १६०० मीटरचेच ५० पैकी २० गुण. फॉर्मवर काही लपवायचं नाही हे ठरलंय. नोकरीच्या फॉर्मवर गुन्ह्याची माहिती लपवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल (२०१६) वाचलाय. पण अपील चालू असताना फॉर्मवरच्या गुन्ह्याच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० नंबरवर फोन केला, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्जही करतोय. तरी सत्र न्यायालयात फौजदारी अपिलं चालवणारं कोणी यवतमाळात माहितीत असेल तर कृपया सांगा. फी हप्त्यानं देऊ, कापूस अजून घरातच आहे.